रोज ठरावीक वेळी ईआरपी मंदावतो, पण पिंग हिरवा: शाखेतील संथ ॲप्लिकेशनचे कारण कसे शोधावे

लक्षण

मुख्य कार्यालयात ईआरपीचा (साठा, विक्री आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस सर्व्हर, दुसऱ्या शहरात कारखाना आणि दोहोंना जोडणारी एक लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र जोडणी), तिच्यावर व्हीपीएन (एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट), ही मांडणी मध्यम आकाराच्या कंपन्यांत सर्रास आढळते. अशा मांडणीत एक तक्रार वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येते, ती बंद केली जाते आणि पुन्हा उघडते. येथे नमुना म्हणून भोसरीतील कार्यालय, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखाना आणि मधली १० एमबीपीएसची लाइन धरू या. पुढील आकडेमोड या नमुन्याची आहे. आपापल्या लाइनचा वेग आणि अंतर घालून ती कोणालाही करता येईल.

तक्रार अशी असते. सकाळी ११ च्या सुमारास आणि संध्याकाळी ५ नंतर डिस्पॅचच्या टेबलावरून फोन येतो की सिस्टीम स्लो आहे, स्क्रीनवर गोल फिरते आहे आणि गाडी गेटवर उभी आहे. परराज्यात जाणारा ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल ई-वे बिलाशिवाय हलवता येत नाही आणि इनव्हॉइस तयार झाल्याशिवाय ई-वे बिल निघत नाही, त्यामुळे या काही सेकंदांच्या दिरंगाईला वाहतूकदार, लोडिंगचे कामगार आणि गेटवरचा सुरक्षारक्षक असे सगळेच बांधले जातात. आयटी विभाग तपासतो तेव्हा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन येणारा छोटा चाचणी संदेश) १२ मिलिसेकंदांत परत येतो, एकही पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलेले नसते, लाइनचा वापर २८ टक्के दिसतो आणि सर्व्हरचा प्रोसेसर निम्म्यानेही भरलेला नसतो. तिकिटावर ‘नेटवर्क ओके’ असा शेरा पडतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोन पुन्हा येतो.

नेहमीच्या तपासणीत हे का दिसत नाही

वरच्या आकड्यांपैकी एकही खोटा नाही. मात्र डिस्पॅचचा माणूस ज्या गोष्टीची वाट पाहतो आहे, ती यांपैकी एकाही आकड्यात मोजलेली नाही.

पिंगपासून सुरुवात करू. विंडोजचा पिंग मुळात ३२ बाइटचा मजकूर पाठवतो आणि त्याचे उत्तर सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीमच परस्पर देते. डेटाबेसला या देवाणघेवाणीचा पत्ताही नसतो. डेटाबेस पूर्णपणे अडकलेला असतानाही पिंग १२ मिलिसेकंदच दाखवेल. शिवाय देखरेखीचे सॉफ्टवेअर बहुधा दर ५ मिनिटांनी चार-पाच पिंग पाठवते. लाइनवर पॅकेटची रांग तुंबण्याचा प्रकार अर्ध्या मिनिटाचा असेल, तर हे नमुने बहुतेक वेळा त्याच्या आधी किंवा नंतर पडतात, आणि एखादा नेमका सापडलाच तर तो दिवसभराच्या सरासरीत विरून जातो.

लाइनच्या वापराचा आलेख याहून अधिक फसवतो. १९९५ मध्ये आलेल्या एमआरटीजी या साधनाने दर ५ मिनिटांनी राउटरचे काउंटर वाचून आलेख काढण्याची पद्धत रूढ केली आणि आजही असंख्य ठिकाणी तोच अवधी कायम आहे. त्या काळच्या यंत्रसामग्रीला तो योग्य होता. पण समजा, ५ मिनिटांपैकी ३० सेकंद लाइन पूर्ण १० एमबीपीएसने भरून वाहिली आणि उरलेले २७० सेकंद ती २ एमबीपीएसवर होती. एकूण ३०० अधिक ५४० असे ८४० मेगाबिट वाहिले, त्यांना ३०० सेकंदांनी भागले की २.८ एमबीपीएस येतात, आणि आलेखावर २८ टक्के असा निर्धास्त करणारा आकडा उमटतो. त्या ३० सेकंदांत मात्र लाइनमध्ये तीळभरही जागा नव्हती.

याच संदर्भात एक गोष्ट तपासून घ्यावी. देखरेखीचे सॉफ्टवेअर अजून ३२ बिटांचे जुने एसएनएमपी (उपकरणांकडून आकडे मागवण्याची प्रमाण पद्धत) काउंटर वाचत असेल, तर १ जीबीपीएसने भरून वाहणाऱ्या पोर्टवर तो काउंटर सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो आणि ५ मिनिटांनी वाचलेल्या आकड्याला काहीही अर्थ उरत नाही. ६४ बिटांचे काउंटर वाचण्याची सोय जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक स्विचमध्ये असते. सॉफ्टवेअरमध्ये ती चालू केलेली आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

तक्रार मोजता येईल अशी करा

‘सिस्टीम स्लो आहे’ या वाक्यावर तांत्रिक काम सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी डिस्पॅचच्या टेबलाजवळ बसून काम पाहावे. कोणत्या स्क्रीनवर, कोणती कळ दाबल्यावर, काय दिसेपर्यंत थांबावे लागते, हे त्या माणसाला अचूक माहीत असते. त्याला ते कोणी विचारलेले नसते, इतकेच. आपल्या नमुन्यात उत्तर मिळते ते असे: इनव्हॉइसच्या स्क्रीनवर आयटम कोड टाकून एंटर दाबल्यापासून दर आणि साठा दिसेपर्यंत. एरवी याला ४ सेकंद लागतात, संध्याकाळी अर्धा मिनिट लागतो, आणि भोसरीत त्याच कामाला अर्धा सेकंदही लागत नाही.

हा शेवटचा तुकडा फार मोलाचा आहे. सॉफ्टवेअर पुरवणारा विक्रेता नेहमी मुख्य कार्यालयात बसून चाचणी करतो आणि तेथे सर्व काही झटपट चालत असल्याने ‘आमच्याकडून प्रॉब्लेम नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो.

पुढच्या काही दिवसांत डिस्पॅचच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि थांबावे लागले की घड्याळातील वेळ, स्क्रीनचे नाव व संगणकाचा क्रमांक एवढेच लिहायला सांगावे. या वहीतून दोन गोष्टी लगेच हाती येतात. सकाळच्या नोंदी आणि संध्याकाळच्या नोंदी यांची जातकुळी वेगळी दिसते: सकाळी सगळ्यांचेच काम एकदम अडते, तर संध्याकाळी एकाचे अडते आणि शेजारच्याचे चालू असते. दुसरे म्हणजे सकाळच्या त्याच मिनिटाला भोसरीतील लेखा विभागालाही थांबावे लागले का, हे विचारता येते. लागले असेल, तर लाइनकडे पाहण्याचे कारणच उरत नाही, कारण भोसरीतील माणूस ती लाइन वापरतच नाही. एका फोनवर मिळणारी ही माहिती अनेकदा दोन-दोन आठवडे कोणी घेत नाही.

थांबण्याचा वेळ तीन भागांत मोडणे

एंटर दाबल्यापासून उत्तर दिसेपर्यंतचा वेळ तीन ठिकाणी खर्च होतो: वापरणाऱ्याच्या संगणकावर, वाटेत आणि सर्व्हरवर. ॲप्लिकेशनच्या कामगिरीवर देखरेख म्हणजे हे तीन आकडे वेगवेगळे मिळवणे. ते वेगळे झाले की भांडण संपते, कारण प्रत्येक आकड्याला एकच मालक असतो.

यासाठी पॅकेट पकडावी लागतात आणि ती दोन्ही टोकांना पकडावी लागतात. नाशिकमध्ये डिस्पॅचच्या एका संगणकावर वायरशार्क हे पॅकेट पकडून दाखवणारे सॉफ्टवेअर बसवावे. भोसरीत सर्व्हर ज्या स्विचला जोडला आहे, त्याच्या मिरर पोर्टवर (दुसऱ्या पोर्टवरील पॅकेटची नक्कल देणाऱ्या पोर्टवर) एक लॅपटॉप लावावा. मिरर पोर्ट वापरताना हे ध्यानात ठेवावे की सर्व्हरचा येणारा व जाणारा असा दोन्ही दिशांचा भार एकाच पोर्टमधून बाहेर पडतो. दोहोंची बेरीज पोर्टच्या वेगापेक्षा जास्त झाली तर स्विच काही पॅकेट गुपचूप टाकून देतो, आणि ती लाइनवर हरवली असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तक्रार वारंवार येणारी असली तरी तिचे नेमके मिनिट ठरलेले नसते, म्हणून पकड सतत चालू ठेवावी आणि फाइली फिरत्या ठेवाव्यात: १०० एमबीच्या २० फाइली भरल्या की सर्वांत जुनी पुसली जाईल अशी मांडणी वायरशार्कमध्येच करता येते. वहीत नोंद पडली की त्या वेळेची फाइल बाजूला काढून ठेवायची. प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइट घेतले तरी वेळ मोजायला पुरतात. त्यापलीकडचा मजकूर घेऊच नये, कारण डेटाबेसच्या संभाषणात पगार, दर आणि ग्राहकांची माहिती असते. थोडाफार मजकूर १२८ बाइटांतही येऊ शकतो, म्हणून व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेऊनच हे काम करावे.

दोन टोकांची घड्याळे जुळलेली नसतील तर काय, असा प्रश्न येथे नेहमी येतो. प्रश्न गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा अवधी प्रत्येक टोकावर त्याच टोकाच्या घड्याळाने मोजायचा असतो, त्यामुळे त्या मोजणीला घड्याळे जुळण्याची गरज नाही. मात्र राउटरचे लॉग, सर्व्हरचे लॉग आणि डिस्पॅचची वही एकमेकांशेजारी ठेवून वाचायची असतात, आणि तेथे दोन मिनिटांचा फरकही सगळा तपास भरकटवतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी यंत्रणा जुळवून ठेवणे आणि १८० दिवसांचे लॉग जपणे तसेही अपेक्षित आहे. ते पाळलेले असेल तर हा तपास बराच सोपा होतो.

संध्याकाळचा ट्रेस

नाशिकच्या बाजूचा ट्रेस (पकडलेल्या पॅकेटची नोंद) उघडला की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती प्रश्नांची संख्या. आयटम कोडवर एकदा एंटर दाबले की संगणक डेटाबेसला सुमारे ३०० लहान क्वेरी पाठवतो, आणि तेही एकामागून एक: पहिलीचे उत्तर आल्याशिवाय दुसरी निघत नाही. एक क्वेरी दराची, एक कराच्या टक्क्याची, एक गोदामाच्या नावाची, मग पुढच्या ओळीसाठी तीच मालिका पुन्हा. किराणा आणताना प्रत्येक जिन्नसासाठी दुकानापर्यंत वेगळी फेरी मारावी, तसा हा प्रकार आहे. दुकान जिन्याखाली असेपर्यंत तो कोणाला जाणवत नाही.

भोसरीत एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदाची आणि सर्व्हरला उत्तर काढायला १ मिलिसेकंद, म्हणजे ३०० फेऱ्या ०.४५ सेकंदात संपतात. नाशिकहून एक फेरी १२ मिलिसेकंदांची असल्याने तेच काम ३.९ सेकंदांवर जाते. म्हणजे रोजचे ४ सेकंद, ज्यांची लोकांना सवय झाली आहे आणि ज्यांची आता कोणी तक्रारही करत नाही, तेसुद्धा या रचनेतूनच आलेले आहेत.

संध्याकाळी ५ नंतरच्या फाइलीत क्वेरींची संख्या तीच राहते, पण प्रत्येक फेरी २४० मिलिसेकंदांची होते. भोसरीच्या बाजूचा ट्रेस त्याच मिनिटाचा काढला, तर तेथे प्रश्न पोहोचल्यापासून उत्तर निघेपर्यंत १ मिलिसेकंदच लागलेला दिसतो. सर्व्हर निर्दोष आहे, संगणक निर्दोष आहे, आणि जादा २२८ मिलिसेकंद वाटेत कोठे तरी जात आहेत. १० एमबीपीएसच्या लाइनवर २२८ मिलिसेकंद म्हणजे सुमारे २,८५,००० बाइट, म्हणजेच १,५०० बाइटची पूर्ण आकाराची साधारण १९० पॅकेट. कोणत्या तरी उपकरणाच्या रांगेत एवढी पॅकेट आपल्या पुढे उभी आहेत आणि डिस्पॅचची छोटीशी क्वेरी त्यांच्या मागे ताटकळते आहे.

ही पॅकेट कोणाची, हे सांगायला राउटरवरील नेटफ्लो किंवा आयपीफिक्स (कोणी कोणाला किती डेटा पाठवला याची नोंद) उपयोगी पडते. ते चालू करताना सिस्कोच्या जुन्या राउटरांवर एक अडचण येते: चालू असलेल्या प्रवाहाची नोंद मुळात ३० मिनिटांनी बाहेर पाठवली जाते, त्यामुळे मोठी फाइल कोणत्या मिनिटाला गेली हे कळत नाही. हा अवधी १ मिनिटावर आणावा. मग चित्र स्पष्ट होते. पहिली पाळी संपताना गुणवत्ता विभागाची तपासणी छायाचित्रे आणि ड्रॉइंगच्या फाइली मुख्य कार्यालयाच्या फोल्डरशी आपोआप जुळवल्या जातात. दर काही मिनिटांनी अर्धा मिनिट ही जुळणी चालते आणि तेवढ्या वेळात मिळेल ती सगळी लाइन घेते.

आता शेजारच्याचे काम कसे चालते, हेही उलगडते. रांग तुंबलेली असतानाच ज्याने एंटर दाबले, त्याच्या ३० सेकंदांत सुमारे १२५ फेऱ्या होतात आणि रांग ओसरल्यावर उरलेल्या १७५ फेऱ्या सव्वादोन सेकंदांत उरकतात. त्याला एकूण ३२ सेकंद लागतात. ज्याने रांग ओसरल्यानंतर दाबले, त्याला नेहमीचे ४ सेकंद लागतात. आयटीचा माणूस फोन ऐकून टेबलापर्यंत पोहोचेतो सगळे सुरळीत झालेले असते, आणि तक्रार करणाऱ्यावरच संशय घेतला जातो. हा संशय अन्यायाचा आहे आणि तो दूर करण्यासाठीसुद्धा ही मोजणी करायला हवी.

सकाळचा ट्रेस

सकाळी ११ ची फाइल याच्याशी काडीमात्र जुळत नाही. २९९ क्वेरी नेहमीच्या वेगाने जातात आणि मधली एकच क्वेरी ६.४ सेकंद अडून राहते. भोसरीच्या ट्रेसमध्ये दिसते की ती क्वेरी पोहोचली, तिची टीसीपी पोच (पॅकेट मिळाल्याची पावती) सर्व्हरने लगोलग दिली, आणि त्यानंतर ६.४ सेकंद संपूर्ण शांतता आहे. टीसीपीची पोच आलेली असणे हाच येथे निर्णायक पुरावा आहे: पॅकेट सर्व्हरच्या यंत्रापर्यंत गेले होते, उत्तर मात्र डेटाबेसकडे अडले होते.

डेटाबेसमधील थांबलेल्या सत्रांची यादी त्या मिनिटाला पाहिली की उत्पादन बैठकीसाठी काढला जाणारा अहवाल सापडतो. तो एका मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकसंध व्यवहारात) चालतो आणि साठ्याच्या तक्त्यावर लॉक (इतरांना थांबवणारे कुलूप) धरून बसतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका विधानाने एकाच तक्त्यावर ५,००० लॉक घेतले की डेटाबेस बहुधा ओळींवरचे सुटे लॉक सोडून संपूर्ण तक्त्यावरच एक लॉक लावायला जातो. अहवालाची व्याप्ती वर्षागणिक वाढत गेली की एक दिवस तो ही मर्यादा ओलांडतो आणि काल-परवापर्यंत कोणालाही न अडवणारा अहवाल अचानक सगळ्यांना अडवू लागतो.

सकाळचे कारण डेटाबेसचे आणि संध्याकाळचे कारण लाइनचे, पण लोकांच्या तोंडी तक्रार एकच. तक्रार परत येत राहण्याचे खरे कारण येथे आहे. डेटाबेस सांभाळणारा काहीतरी सुधारतो, संध्याकाळी फोन येतोच, मग त्याच्या सुधारणेने काही झाले नाही असे ठरते. लाइन वाढवली जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतोच.

दुरुस्ती

लाइन १० वरून २० एमबीपीएस करून घ्यावी, हा पहिला सल्ला सगळीकडून येतो. तो सरसकट चुकीचा नाही, पण या प्रसंगी कमी उपयोगाचा आहे. फाइलींची जुळणी २० एमबीपीएससुद्धा पूर्ण भरते. ३० सेकंदांऐवजी १५ सेकंदांत संपते एवढेच. आणि फेरीचे १२ मिलिसेकंद वेगवान लाइनने कमी होत नाहीत, कारण ते अंतराचे आणि मधल्या उपकरणांचे आहेत; प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि त्याहून वेगाने जाण्याचा मार्ग कोणत्याही सेवादात्याकडे विकत मिळत नाही.

प्रथम जुळणीचा कार्यक्रम रात्री हलवावा किंवा कामाच्या वेळेत त्याला ३ एमबीपीएसची मर्यादा घालावी. बहुतेक जुळणी सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते आणि तिला खर्च येत नाही.

त्यानंतर नाशिकच्या राउटरवर प्राधान्याची रांग लावावी. येथे एक बारकावा हमखास सुटतो. रांग आपल्या राउटरमध्ये तयार झाली तरच आपले प्राधान्य लागू होते. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा आणि लाइन १० ची असेल, तर आपला राउटर सगळे भराभर पुढे ढकलतो, रांग सेवादात्याच्या उपकरणात लागते, आणि तेथे आपल्या नियमांना कोणी विचारत नाही. म्हणून बाहेर जाणारा वेग आपणच ९.५ एमबीपीएसवर रोखावा. तेवढे अर्धा एमबीपीएस सोडल्याने रांग आपल्या ताब्यात येते. त्याचप्रमाणे व्हीपीएन असल्यास पॅकेटवर प्राधान्याची खूण एन्क्रिप्शनच्या आधी करावी, कारण नंतर राउटरला पोर्ट क्रमांक दिसत नाही आणि डिस्पॅचची क्वेरी व छायाचित्र दोन्ही सारखेच दिसतात. आधी केलेली खूण आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीच्या बोगद्याच्या बाहेरच्या शीर्षकावर मुळातच उतरवली जाते.

३०० फेऱ्यांचा प्रश्न मात्र नेटवर्कवाल्यांच्या हातचा नाही. विक्रेत्याला ट्रेस दाखवून एका स्क्रीनसाठी लागणारी माहिती एकाच स्टोअर्ड प्रोसीजरमधून (सर्व्हरवरच साठवलेल्या क्वेरींच्या संचातून) मागवायला सांगावे. आकडे समोर असले की विक्रेते ऐकतात, असा बहुतेकांचा अनुभव आहे. नुसत्या ‘स्लो आहे’ या वाक्यावर ते ऐकत नाहीत आणि त्यात त्यांचा दोषही नाही. ते होईपर्यंत भोसरीत एक टर्मिनल सर्व्हर उभा करून नाशिकच्या लोकांनी त्यावर रिमोट डेस्कटॉपने काम करावे. मग ३०० फेऱ्या भोसरीच्या आतच होतात आणि लाइनवरून फक्त कळांची व पडद्याची देवाणघेवाण होते. छपाईसाठी नाशिकचा प्रिंटर त्या सत्राला नीट जोडलेला आहे का, हे आधी तपासावे. डिस्पॅचला कागद मिळाला नाही तर बाकी सुधारणा व्यर्थ ठरते.

सकाळच्या अहवालासाठी डेटाबेसची वाचनापुरती वेगळी प्रत ठेवणे सर्वांत चांगले. तेवढी सोय नसेल, तर अहवाल पहाटे आपोआप काढून बैठकीपूर्वी तयार ठेवावा. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवू नये अशी ओळींच्या आवृत्त्यांची सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये आहे, पण तिचा भार तात्पुरत्या डेटाबेसवर पडतो आणि अहवाल अधिक कडक आयसोलेशन (इतरांच्या बदलांपासून अलगपणा) मागत असेल तर तिचा उपयोगही होत नाही, म्हणून विक्रेत्याच्या संमतीशिवाय ती चालू करू नये.

ट्रेस या दोन्हींशी जुळत नसेल तर

अशा वेळी थांब्याचा आकडा बारकाईने पाहावा. काही आकडे स्वतःच कारण सांगतात. जोडणी सुरू होतानाच नेमका १ किंवा ३ सेकंदांचा थांबा असेल, तर पहिले पॅकेट हरवून पुन्हा पाठवले गेले आहे. लहान पॅकेटच्या संभाषणात सारखे २०० मिलिसेकंद दिसत असतील, तर विंडोजची उशिराने पोच देण्याची पद्धत आणि नेगल यांची १९८४ मधील लहान पॅकेट एकत्र करण्याची पद्धत एकमेकांची वाट पाहत असण्याची शक्यता मोठी आहे. टीसीपीची खिडकी (आणखी डेटा घेण्याची शिल्लक जागा) शून्य झाल्याची नोंद दिसली, तर ती नोंद पाठवणारे यंत्र आलेला डेटा वेळेत उचलत नाही.

लॉगिन होते, लहान स्क्रीन उघडतात आणि मोठी यादी मागितली की सगळे कायमचे थिजते, हे लक्षण पॅकेटच्या आकाराचे आहे. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीवर १,५०० ऐवजी १,४९२ बाइटच मावतात आणि व्हीपीएन त्यातूनही आणखी कापतो. तुकडे करू नये असा पर्याय लावून १,४७२ बाइटचा पिंग पाठवावा. शीर्षकांचे २८ बाइट धरून तो १,५०० होतो. तो गेला नाही तर आकडा कमी करत मर्यादा शोधावी आणि राउटरवर टीसीपीच्या तुकड्याचा आकार त्यानुसार बांधून द्यावा.

जुन्या कारखान्यांत डुप्लेक्सचा (एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलायचे की आळीपाळीने, याचा) घोळ अजूनही सापडतो. स्विचच्या पोर्टला कोणीतरी हाताने १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स ठरवून ठेवलेले असते आणि समोरचे यंत्र स्वयंचलित वाटाघाटीवर असते. उत्तर न मिळाल्याने ते हाफ डुप्लेक्सवर जाते. पिंग ठीक राहतो, भार वाढला की वेग कोसळतो. एका बाजूला उशिराच्या टकरी आणि दुसऱ्या बाजूला सीआरसी त्रुटी (खराब होऊन आलेली पॅकेट) वाढत असतील, तर दुसरे काही शोधण्याची गरज नाही.

दुरुस्तीनंतरची देखरेख

नाशिकमधील एका कायम चालू संगणकावर एक छोटा कार्यक्रम ठेवावा, जो दर मिनिटाला चाचणीच्या खात्याने लॉगिन करून तीच आयटमची स्क्रीन उघडतो आणि लागलेला वेळ नोंदवतो. शक्य असल्यास असाच दुसरा भोसरीत ठेवावा. दोन्हीकडे एकदम वाढलेला वेळ सर्व्हरकडे बोट दाखवतो, फक्त नाशिकला वाढलेला वेळ लाइनकडे. आठवडाभर ट्रेस वाचून जे कळले, ते पुढच्या वेळी एका दृष्टिक्षेपात कळते.

या नोंदींची सरासरी काढू नये. १०० वेळांपैकी ९० वेळा २ सेकंद आणि १० वेळा ४० सेकंद लागले, तर सरासरी ५.८ सेकंद येते, जी प्रत्यक्षात कोणाच्याही वाट्याला आलेली नाही. ९५ वा शततमक (१०० पैकी ९५ नोंदी ज्याच्या आत बसतात तो आकडा) घ्यावा. या उदाहरणात तो ४० सेकंद येतो आणि त्रास जसा आहे तसा दाखवतो.

तुलना करताना मागच्या तासाशी करू नये, मागच्या आठवड्यातील त्याच वाराच्या त्याच तासाशी करावी. भोसरी परिसरातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा तेथील गुरुवारचा आकडा बुधवारशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, जेव्हा मासिक जीएसटी विवरणपत्रांची मुदत असते, तेव्हा लेखा विभागाचे अहवाल वाढतात. त्या दिवसांची नोंद वेगळी ठेवावी, नाहीतर दर महिन्याला खोटी धोक्याची सूचना येईल आणि लोक तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतील. सूचना एका वाईट नोंदीवर देऊ नये. सलग तीन मिनिटे मर्यादा ओलांडली की द्यावी. मर्यादा कोठे ठेवावी याबाबत वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेली १० सेकंदांची सीमा अजूनही उपयोगी आहे: त्यापुढे माणसाचे लक्ष कामावरून उडते. डिस्पॅचसारख्या ठिकाणी मी ती याहून कमी, ६ सेकंदांच्या आसपास ठेवीन.

इनव्हॉइसच्या पुढच्या टप्प्यात सर्व्हर स्वतः ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलकडे विनंती पाठवतो. त्या विनंतीला लागणारा वेळ ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये वेगळा नोंदवून घ्यावा, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो सर्व्हरचाच वेळ वाटतो आणि निष्कारण डेटाबेस तपासला जातो.

तक्रार पुन्हा आलीच, तर सेवादात्याच्या किंवा विक्रेत्याच्या तिकिटात पुढील मजकूर असावा: कोणती स्क्रीन, कोणत्या तारखेला किती वाजून किती मिनिटांनी, दोन्ही टोकांवर मोजलेला एका फेरीचा वेळ, त्याच मिनिटाला सर्व्हरने उत्तर काढायला घेतलेला वेळ, आणि त्या मिनिटाच्या दोन्ही बाजूंच्या ट्रेस फाइली. लाइनच्या सेवादात्याला मात्र ट्रेस देण्याआधी त्यातील डेटाबेसचा मजकूर कापलेला आहे याची खात्री करावी.